पडदा कुशीवर

घरगुती मॉनिटरच्या पाठीवर बहुधा चार भोकं असतात. एकमेकांपासून 75 किंवा 100 मिलिमीटरवर, आणि चारही मिळून नेमका चौरस. चौरसामुळे एक सोय आपोआप झाली आहे. कॅबिनेटच्या आत ठोकलेली प्लायवूडची फळी न हलवता मॉनिटर चतकोर फिरवला, तरी तेच स्क्रू त्याच भोकांत बसतात. जुन्या आर्केड खेळांसाठी घरी कॅबिनेट बांधणाऱ्याला ही सोय लागते, कारण त्या काळचे कितीतरी खेळ उभ्या पडद्याचे आहेत आणि दुकानात मिळणारा मॉनिटर आडवा. चार स्क्रू काढायचे, मॉनिटर कुशीवर वळवायचा, स्क्रू परत पिळायचे, वायरींना नवी वाट करून द्यायची. एवढ्याशा कामाच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न बसलेला आहे. पडद्याची वरची बाजू कोणती? पाठीवरच्या चौरसाला ती ठाऊक नाही, काचेलाही नाही. मग ‘सुलट’ नावाची गोष्ट राहते कुठे? वस्तूत, बघणाऱ्याच्या डोळ्यात, की आणखी कुठे? गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न रिकामपणाचा नाही. इथल्या सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाज जमतो, आणि या समाजाच्या धर्मविधींतले फेरे डावीकडे वळतात. बाहेरचा माणूस ते पाहून सहज म्हणून जातो, ‘हे उलटे फिरतात.’ या एका शब्दात अन्याय आहे, आणि तो नेमका कशाने अन्याय ठरतो हे सांगायचं, तर सुरुवात पडद्यापासून केलेली बरी. पडद्यावर कोणाचा राग नसतो आणि कोणाची श्रद्धाही नसते.

1978 सालचा स्पेस इन्व्हेडर्स, 1980 चा पॅकमॅन, 1981 चे गॅलागा आणि डाँकी काँग हे सगळे उभे खेळ. पॅकमॅनचं चित्र 224 ठिपके रुंद आणि 288 ठिपके उंच आहे. पण या खेळांना वेगळ्या जातीची पिक्चर ट्यूब लागत नव्हती. टीव्हीत असते तशीच आडवी ट्यूब कॅबिनेटमध्ये कुशीवर बसवलेली असे. ट्यूबमधला किरण आपल्या रिवाजाने रेषा ओढत राही, आणि ट्यूबच वळलेली असल्यामुळे त्या रेषा खेळणाऱ्याच्या बाजूने उभ्या पडत. आतल्या यंत्रणेच्या हिशेबी चित्र 288 रुंद आणि 224 उंचच होतं, म्हणजे तिच्या लेखी पॅकमॅनच्या मागे लागणारी चार भुतं आयुष्यभर आडवी पडूनच चालत होती. मूळ खेळ जसा होता तसाच हवा म्हणणाऱ्याने इथे जरा थांबायला हवं, कारण ते मूळच मुळात कुशीवर होतं. शिवाय सगळ्या ट्यूबा एकाच कुशीवर नव्हत्या. 1997 साली निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या ‘मेम’ या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, प्रत्येक खेळापुढे त्याच्या वळणाची नोंद असते. पॅकमॅन आणि गॅलागा 90 अंशांचे, स्पेस इन्व्हेडर्स 270 अंशांचा. म्हणजे एकाची ट्यूब डाव्या कुशीवर असेल तर दुसऱ्याची उजव्या. नाणं टाकून खेळणाऱ्या कोणालाही हा फरक कधी कळला नाही, कारण त्याच्या जागेवरून कळण्याजोगं काही नव्हतंच.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो. वस्तूला स्वतःची वर-खाल नसेलच, तर मॉनिटर फिरवायची खटपट कशाला? आडव्या पडद्याच्या मधोमध उभं चित्र दाखवावं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडाव्यात. उत्तर आधी आकड्यांत देतो. 1920 बाय 1080 च्या आडव्या मॉनिटरवर तीनास चार या प्रमाणातलं उभं चित्र 810 रुंद आणि 1080 उंच एवढंच मावतं. तोच मॉनिटर उभा केला की ते 1080 रुंद आणि 1440 उंच होतं, म्हणजे क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून थोडं जास्त. काळी जागा तरीही उरते, वर आणि खाली, पण तिथे नावाची पाटी किंवा काळा पुठ्ठा लावून ती झाकता येते. पण आकड्यांहून मोठी गोष्ट पॅकमॅनच्याच इतिहासात सापडते. 1982 साली हा खेळ अटारी 2600 या घरगुती यंत्रावर आला तेव्हा तो टीव्हीच्या आडव्या पडद्यासाठी नव्याने रचावा लागला. भूलभुलैया रुंद झाला. एका बाजूने बाहेर पडून दुसऱ्या बाजूने आत येण्याची जी दारं मूळ खेळात डावी-उजवीकडे होती, ती वर आणि खाली गेली. घराघरातला टीव्ही कोणी कुशीवर ठेवणार नव्हतं, म्हणून खेळालाच कुशीवर व्हावं लागलं. मला यात एक नियम दिसतो. समोरच्या गोष्टीशी जुळवून घ्यायला कोणाला तरी वळावंच लागतं. पात्र वळलं नाही, तर आतला पदार्थ मुरडला जातो.

वैशेषिक दर्शनाने जगाची मोजदाद नऊ द्रव्यांत केली. पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा आणि मन. यातली दिक्, म्हणजे दिशा, त्यांच्या मते एकच आहे, नित्य आहे आणि सर्वत्र व्यापून आहे. पूर्व आणि पश्चिम हे तिचे तुकडे नाहीत. सूर्य जिथे उगवतो त्याच्या संबंधाने तिला चिकटलेली ती नावं आहेत. अशा चिकटलेल्या गोष्टीला आपल्याकडे उपाधी म्हणतात. जास्वंदीशेजारी ठेवलेल्या स्फटिकाची लाली हे तिचं ठरलेलं उदाहरण. लाली स्फटिकाची नाही, पण ती खोटीही नाही. फूल खरं आहे, जवळीक खरी आहे, आणि तिथून पाहणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. दिशेला स्वतंत्र द्रव्य मानायचं की नाही हा वाद मी बाजूला ठेवतो. उपाधीची कल्पना मात्र मला नेमकी लागते, कारण ती ‘वस्तूत असतं’ आणि ‘नुसतं मनात असतं’ या दोन्ही सोप्या उत्तरांना नकार देते. कॅबिनेटमध्ये ही उपाधी हाताला लागते. जॉयस्टिक आणि बटणांचं पॅनेल ज्या बाजूला बोल्टांनी आवळलं, ती खालची बाजू. चौरस, काच, ट्यूब यांच्यापैकी कोणाकडेही नसलेली वर-खाल त्या चार-सहा बोल्टांनी कॅबिनेटला मिळते, कारण त्यांनी माणसाची उभं राहण्याची जागा ठरते. आणि एकदा ती ठरली, की पडदा कसाही चालत नाही. चित्राच्या तीन बाजू चुकीच्या ठरतात आणि एकच बरोबर. दिशा वस्तूत नाही, पण समोरासमोर उभं राहण्याच्या नात्यात ती पक्की आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. यापुढचं सगळं त्याची परीक्षा आहे.

आता कचारगड. दरेकसा स्टेशनाजवळच्या डोंगरात, छत्तीसगडच्या सीमेला लागून, ही विशाल नैसर्गिक गुहा आहे. गोंडी धर्मकथेत कली कंकालीची 33 मुलं इथे कोंडली गेली होती, आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांच्या प्रयत्नांनी ती बाहेर आली. कोया पुनेम म्हणजे गोंडांचा धर्म, आणि त्याची मांडणी लिंगोने केली असं समाज मानतो. लग्नाचे फेरे असोत की देवाभोवतीचे, ते घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध बाजूने जातात. याच दिशेने फिरणारी घड्याळंही आदिवासी भागांत पुष्कळ घरांत लागलेली दिसतात. त्यांच्या तबकडीवर 12 च्या उजवीकडे 11 असतात आणि डावीकडे 1. नेहमीचं घड्याळ आणि हे घड्याळ एकाच भिंतीवर लावलं, तर दोन्हींत साडेनऊ एकाच क्षणी वाजतात. दोन तबकड्यांत एक खरी आणि एक खोटी असं काही निघत नाही. एक फक्त आधी पाहण्यातली आहे आणि दुसरी नंतरची. ‘उलटी’ हा शब्द त्या आधी-नंतरचं भांडवल करतो. बोलणारा आपली खुर्ची विसरतो, तिला जगाचं आसन समजतो आणि शेजारच्याला सांगतो की तू पाठमोरा बसला आहेस.

निसर्गाचा दाखला दोन्हीकडून दिला जातो. उजव्या प्रदक्षिणेचे समर्थक सूर्याकडे बोट दाखवतात. तो उगवतो, दक्षिणेकडून जातो आणि मावळतो, तसंच आपणही फिरावं. गोंड अभ्यासक पृथ्वीकडे बोट दाखवतात. ती स्वतःभोवती डावीकडे फिरते, आणि बहुतेक वेलीही आधाराला डावीकडे वेढे घालत चढतात. वेलींचं निरीक्षण खरं आहे. पृथ्वीचंही खरं आहे, पण उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर. दक्षिण ध्रुवाकडून पाहणाऱ्याला तीच पृथ्वी उजवीकडे फिरताना दिसेल. सूर्याची साक्ष तर गोंदिया जिल्ह्यातच डळमळते. घड्याळाच्या काट्याची दिशा उत्तर गोलार्धातल्या सूर्यघडीच्या सावलीवरून आली असं मानलं जातं, आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेला जमिनीत रोवलेल्या काठीची सावली दिवसभर उजवीकडे सरकते हे खरंच आहे. पण गोंदिया साधारण साडेएकवीस अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, मोकळ्या बांधीत एक उंच काठी ओळंब्यात उभी करावी. सावली अगदी आखूड पडेल, म्हणून काठी उंचच हवी. सकाळी ती सावली उजवीकडे सरकते. दुपार जवळ आली की थबकते आणि डावीकडे वळायला लागते, पश्चिमेकडून दक्षिणेवरून पूर्वेकडे. दुपार कलल्यावर पुन्हा उजवीकडे. एकाच काठीची, एकाच दिवसातली सावली दोन्ही फेरे घालते. (मक्का जवळजवळ याच अक्षांशावर आहे आणि काबेभोवतीचा तवाफही डावीकडून होतो. त्यातून कोणी काही सिद्ध करू नये. सावलीपुरतं मात्र तिथलं आकाशही असंच वागतं.) निसर्ग कोणालाच एकट्याला प्रमाणपत्र देत नाही.

इथे एक नाजूक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका घेऊ नये. गोंड समाजाने ‘आमचा फेरा निसर्गाचा फेरा आहे’ हे म्हणणं अपमानाला उत्तर म्हणून उभं केलं आहे. त्यातला निसर्ग काढून घेतला, तर ज्यांच्याकडे आधीच संख्या आणि सत्ता आहे त्यांच्याच हाती कोलीत जाणार नाही का? मला वाटतं, नेमकं उलट घडतं. निसर्गाचा दाखला मागितला की परीक्षक कोणीतरी तिसराच बसतो. खगोलशास्त्र शिकलेला, वेलींची मोजणी केलेला. उद्या त्याने एक उजवीकडे चढणारी वेल आणून दाखवली तर फेरा खोटा ठरेल काय? फेऱ्याचं खरेपण त्या परीक्षेवर कधीच टांगलेलं नव्हतं. मधोमध कोण आहे, आणि त्याच्याभोवती फिरणारे कोण, यावर ते उभं आहे. पृथ्वीची गोष्ट कोया पुनेममध्ये पुरावा म्हणून फारशी कामाची नाही. पण आपण कोणाकडे तोंड करून उभे आहोत याची ती कबुली आहे, आणि कबुली पुराव्याहून जास्त मोलाची असते. फेरा धरणारा माणूस धरतीला मधोमध मानतो. मधोमध काय मानलं ते कळल्यावर तो डावीकडे का वळतो याचा हिशेब बाहेरच्याला मागता येत नाही, जसा पॅकमॅनच्या ट्यूबला कुशीचा हिशेब कोणी मागितला नाही.

वैदिक परंपरेतला श्रद्धावान याउलट म्हणेल की प्रदक्षिणेची दिशा हा विधी आहे, तो आज्ञा म्हणून येतो, त्याला नातं म्हणणं म्हणजे तो सैल करणं. पण त्याच परंपरेकडे पाहावं. प्रदक्षिणा म्हणजे देवाला उजव्या हाताला ठेवून चालणं. शब्दातच नातं आहे, होकायंत्र नाही. देवकार्यात जानवं डाव्या खांद्यावर असतं आणि पितृकार्यात उजव्या, सव्य आणि अपसव्य. ज्याला उद्देशून कर्म चाललं आहे तो बदलला की अंगावरच्या दोऱ्याची बाजूही बदलते. शंकराच्या देवळात तर भक्त दोन्हीकडे चालतो. गोंदियाजवळ नागऱ्याला प्राचीन शिवमंदिर आहे. तिथे किंवा कुठल्याही शिवालयात सोमसूत्री प्रदक्षिणा घालणारा पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या पन्हळीपर्यंत जातो, ती ओलांडत नाही, आणि आल्या वाटेने माघारी फिरतो. अर्धी वाट उजवी, अर्धी डावी. त्याला कोणी उलटा म्हणत नाही, कारण पन्हळ ओलांडायची नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. विधी नात्यामुळे सैल होत नाही, उलट त्यामुळेच घट्ट होतो. पन्हळ नसलेल्या देवळात मध्येच माघारी फिरणाऱ्याला पुजारी हटकेल.

‘नातं’ म्हणजे शेवटी नुसती सवय, असंही म्हणता येईल. या बाजूने एक जुना पुरावाही आहे. कॅलिफोर्नियाचे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी 1896 आणि 1897 साली सगळं उलटं दाखवणारी भिंगं डोळ्याला लावून काही दिवस काढले. दुसऱ्या वेळी आठ दिवस. सुरुवातीला हात भलतीकडे जाई. शेवटी शेवटी हालचाली सुरळीत झाल्या आणि मधूनमधून जग सुलट वाटू लागलं. पुढच्या संशोधकांत, नजर खरोखर सुलट होते की नाही, यावर मतभेद राहिले. हात-पाय जुळवून घेतात याबद्दल मात्र वाद नाही. मी यातून सवयीचा विजय काढत नाही. स्ट्रॅटन यांचं जग पुन्हा जागेवर येऊ लागलं ते ताट उचलून, दार उघडून, चालून. डोळे मिटून वाट पाहून ते आलं नसतं. सवय म्हणजे नातं जोडण्यासाठी केलेली मेहनतच. ती पुष्कळांनी, पिढ्यान्‌पिढ्या, एका गुहेभोवती केली, तर तिला ‘नुसती’ म्हणायचा अधिकार कोणाला?

गुरुत्वाकर्षणाचा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. जड वस्तूंना खाल कळते. मॉनिटर वळवला की वरच्या कडेची हवा जायची जाळी बाजूला येते, खालची बटणं काठावर येतात, आणि स्वस्त टीएन पॅनेल असेल तर खालून पाहिल्यावर रंग बदलण्याचा त्याचा दोष आता डावी-उजवीकडे येतो, इतका की एका डोळ्याला एक छटा दिसते आणि दुसऱ्याला दुसरी. म्हणून हा दोष फारसा नसलेलं आयपीएस पॅनेल घ्यावं. जुन्या ट्यूबला तर पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा जाणवतं, आणि जागा बदलली की रंगांचे डाग घालवावे लागतात. वस्तू अगदी कोऱ्या पाटीसारखी नसते, तिचे हट्ट असतात. दुसरीही एक मर्यादा आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी 1768 मध्ये दाखवून दिलं की डावा हात कितीही फिरवला तरी उजवा होत नाही. पडद्याचंही तसंच आहे. चतकोर, अर्धा, पाऊण, कसाही वळवा, चित्र तेच राहतं. आरशात धरलं की अक्षरं पालटतात आणि चित्र दुसरंच होतं. म्हणजे वर-खाल नात्यातून येते, पण उजवा-डावा पीळ वस्तूच्या अंगचा असतो. फेऱ्यालाही पीळ असतो, हे खरं. पण तो ‘डावा’ ठरतो तो सगळे फिरणारे एकाच आकाशाखाली उभे असतात म्हणून. काचेच्या जमिनीखालून वर पाहणाऱ्याला तोच फेरा उजवा दिसेल. आकाश सामाईक आहे तोवर कचारगडचा फेरा डावाच आहे, निश्चितपणे डावा. तो फक्त उलटा नाही.

आर्केडच्या जमान्यात टेबलासारखं एक कॅबिनेट निघालं होतं. काच वरच्या बाजूला सपाट, दोन खुर्च्या समोरासमोर, प्रत्येकापुढे आपली जॉयस्टिक. पॅकमॅनही त्या टेबलात मिळे. एकाची पाळी संपली की यंत्र चित्र अर्धा फेरा फिरवी आणि जे एकाला वर होतं ते दुसऱ्याला वर होई. वाट पाहणाऱ्याला तेवढा वेळ चित्र डोक्यावर उभं दिसे, पण समोरचा चुकीचा खेळ खेळतो आहे असं त्याला वाटत नसे. आपली पाळी येईल तेव्हा पडदा आपल्याकडे वळेल हे त्याला माहीत होतं, आणि हेही माहीत होतं की आत्ता तो वळलेला आहे तो योग्य माणसाकडे. उभ्या घरगुती कॅबिनेटमध्ये खुर्ची एकच असते, म्हणून मॉनिटर डाव्या कुशीवर टाकायचा की उजव्या, याला नियम नाही. इम्युलेटरमध्ये चित्र त्याच्या विरुद्ध वळवून घेता येतं. पॉवरची वायर ताणली जात नाही ना, हवेची जाळी फळीला चिकटत नाही ना, आणि काठावर आलेल्या बटणांपर्यंत मागून हात पोचतो ना, एवढं पाहावं आणि चारही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत.